कालेदुपाला महिनाभर राहायचं तर

वाकातोबी हे नाव चार बेटांच्या नावांचे पहिले तुकडे जोडून झालंय: वांगी-वांगी, कालेदुपा, तोमिया आणि बिनोंको. इंडोनेशियात सुलावेसीच्या आग्नेयेला ही बेटं आहेत. कालेदुपा हे पुण्यात शिकायला आलेल्या माझ्या एका मैत्रिणीचं माहेर. तिच्या आईकडे मी महिनाभर राहून आले, आणि तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी 'आम्हालाही जायचंय, काय काय लागेल?' असं विचारतंच. एकदाच लिहून टाकते.

आधी कधी जायचं ते. जून ते सप्टेंबर तिथे 'मुसिम तिमूर', म्हणजे पूर्वेच्या वाऱ्याचा हंगाम. फोटोत आभाळ निळंशार दिसतं, पण समुद्र खवळलेला असतो आणि बोटींचा भरवसा नसतो. वारे बदलण्याच्या मधल्या दिवसांत, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. विमान वांगी-वांगीपर्यंत, पुढे लाकडी बोट. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, मला तेवढा पुरला.

पासपोर्टच्या झेरॉक्स शहरातूनच भरपूर काढून न्या. मी होते तेव्हा आमच्या गावात वीज फक्त रात्रीची असायची, मग दिवसा झेरॉक्स कुठली! पोचल्यावर चोवीस तासांच्या आत गावच्या प्रमुखाकडे जाऊन नाव नोंदवायचं. गाव म्हणजे 'देसा' आणि प्रमुख म्हणजे 'केपाला देसा'. हे 'केपाला' म्हणजे आपलं संस्कृत कपालच, तिथे त्याचा अर्थ डोकं. घरात किती पैसे द्यायचे हेही त्यांच्यासमोर ठरवलं तर नंतर कुणाला संकोच होत नाही. पैसे पाकिटात घालून, उजव्या हाताने द्या. सोबत साखर, कॉफी, तांदूळ न्या. सुट्ट्या नोटा जवळ असू द्या. एक लाख रुपियाची लाल नोट पुढे केली की गावातला दुकानदार कसनुसा हसतो आणि वरचे सुट्टे गोळ्यांच्या रूपात देतो. ही पद्धत आपल्याला नवी नाही.

आता न्हाणीघर. इथे मी जरा तोऱ्यातच गेले होते, कारण कमरेएवढा हौद आणि त्यावर तरंगणारं प्लॅस्टिकचं टमरेल यात आपल्याला काय शिकायचं? हौदाला 'बाक' म्हणतात, टमरेलाला 'गायुंग'. तिसऱ्या दिवशी मी साबणाचा हात सरळ हौदात बुडवून खळबळून धुतला. माझ्यामागून इबू आत गेल्या. (इबू म्हणजे आई, घरच्या बाईंना सगळे तसंच म्हणतात.) त्या काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने पाहते तर बोळा काढून हौद रिकामा केलेला, इबू आत वाकून ब्रशने घासतायत आणि धाकटा मुलगा विहिरीवरून दोन-दोन कॅन आणतोय. मी मोजल्या, सात खेपा झाल्या. साबणाला तिथे 'साबून'च म्हणतात, त्यामुळे गुन्हा कबूल करायला शब्द शोधावा लागला नाही. त्यावर इबू म्हणाल्या, 'तिदाक आपा-आपा', म्हणजे काही नाही गं.

हे 'काही नाही' कधीही खरं धरू नका. तोंडावर कुणी टोकत नाही, नाही म्हणत नाही. 'बघू', 'उद्या' असं म्हणाले की समजून घ्यायचं. तुम्हीही सपाट 'नाही' म्हणू नका. लग्न झालं का, मुलं आहेत का, हे दहा वेळा विचारतील. त्याला उत्तर एकच, 'बेलुम', म्हणजे अजून नाही. पंचावन्न वर्षांच्या अविवाहित माणसानेही 'बेलुम'च म्हणायचं. रस्त्यात जो तो 'माऊ के माना?', कुठे निघालात, असं विचारतो. ती चौकशी नव्हे, नमस्कार आहे. 'जालान-जालान', जरा फिरायला, एवढं म्हणून पुढे जायचं. बसलेल्या माणसांसमोरून जाताना थोडं वाकून, उजवा हात खाली धरून 'परमिसी' म्हणायचं.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींना स्पष्ट सांगते, हाल होतील. शेवग्याच्या पाल्याचं पातळ कालवण मिळतं आणि ते उत्तम असतं, पण सोबतच्या ठेच्यात सुकवलेल्या कोळंबीचा 'तेरासी' असू शकतो. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. 'पारेंदे' नावाचा आंबट रस्सा आणि 'कासुआमी'. कासुआमी म्हणजे कसावाचा कंद किसून, पिळून पाणी काढून, शंकूच्या आकाराच्या साच्यात वाफवलेला. पहिला घास घशात अडकतो. रश्श्यात बुडवून खा.

समुद्राचं वेळापत्रक मात्र पाठच करा. तळ उथळ आहे, मैदानासारखा पसरलेला. ओहोटीला गुडघाभर पाणी उरतं, बोट रुतते आणि तुमची दुपार गेलीच. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. माझ्या फोनमध्ये पंचांग होतं, त्यावरून अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, मी आधीच सांगायचे. शेजारच्यांना ती जादू वाटायची. त्यांना स्वतःला चंद्र बघूनच कळायचं, पण माझं मन राखत असावेत. ओहोटीला बायका-पोरं शिंपल्या वेचायला निघतात, त्यांच्यासोबत जरूर जा. जाड तळव्याचे बूट घाला, काळ्या काट्यांच्या समुद्री साळूंवर पाय पडला की काटा आतच मोडतो. आंघोळ असो की पोहणं, अंगभर कपडे हवेत. एक सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड घ्या, ते सगळ्याला पुरतं.

हातांना काम हवं असेल तर समुद्री शेवाळ आहे. बाजारात जाऊन पुढे त्याचा आइस्क्रीम-टूथपेस्टला दाटपणा आणणारा पदार्थ होतो. ओसरीत लांब दोरी पसरून बायका वीतभर अंतरावर मूठभर शेवाळाचे झुबके बांधतात. गाठ सैल बांधा. मी आवळून बांधायचे, मग इबू माझी पाठ वळली की त्या सोडून पुन्हा बांधायच्या. रिकाम्या बाटल्या अडकवून दोऱ्या पाण्यावर तरंगत ठेवतात आणि साधारण ४५ दिवसांनी काढतात, त्यामुळे मी बांधलेल्याची काढणी मला बघायला मिळाली नाही.

काढलेलं शेवाळ मांडवावर वाळत घालतात. त्यावर पावसाचं गोडं पाणी पडलं की मीठ धुऊन जातं, रंग उडतो, भाव पडतो. आणि त्याच पावसाच्या पाण्याची घरात वाट बघत असतात. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी इबू 'हुजान!' म्हणून ओरडल्या, म्हणजे पाऊस. मी शहाण्यासारखी बादल्या घेऊन पागोळ्यांकडे धावले. त्यांनी दंडाला धरून मला मांडवाकडे वळवलं. ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या, वाऱ्याने ती शिडासारखी फुगलेली. चार कोपऱ्यांवर दगड ठेवून झाले तेव्हा आम्ही दोघी चिंब भिजलो होतो. मग त्या म्हणाल्या, आता बादल्या.