जुनी अमेरिकन सोन्याची नाणी विकायला काढताय? या चुका टाळा

सगळ्यात आधी एक सांगतो, नाणं पुसू नका. रुमालाने नाही, चष्म्याच्या फडक्याने नाही, शर्टाच्या टोकाने तर अजिबातच नाही. मी इकडे न्यू जर्सीत बरीच वर्षं जुनी अमेरिकन सोन्याची नाणी जमवतोय, त्यामुळे ओळखीतले लोक इस्टेट सेलमध्ये (कुणी वारल्यावर घरातल्या वस्तू विकतात तिथे) घेतलेलं नाहीतर सासरकडून आलेलं एखादं नाणं दाखवायला आणतात, आणि कितीतरी वेळा ते आधीच लख्ख करून आणलेलं असतं. आपल्याकडे सोनं म्हटलं की रिठ्याचं पाणी आणि जुना टूथब्रश हे ठरलेलंच, पाटल्या असोत नाहीतर मंगळसूत्र. मी पण हेच केलं होतं. माझं पहिलं २० डॉलरचं नाणं, १८८३ सालचं, सॅन फ्रान्सिस्कोचं, मस्त कोमट पाण्यात रिठा घालून हलकंच घासलं आणि मग ग्रेडिंगला, म्हणजे नाणं तपासून दर्जाचा नंबर देणाऱ्या कंपनीकडे पाठवलं. परत आलं ते नंबरशिवाय, "क्लीन्ड" असा शेरा घेऊन. अजून वाईट वाटतं, कारण न घासता ते चांगलं अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं निघालं असतं असं मला आजही वाटतं.

होतं काय, की या नाण्यात ९०% सोनं आणि १०% तांबं असतं, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण २१.६ कॅरेट, आणि हा धातू मऊ. टांकसाळीत ठशाचा दाब पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात, उजेडात नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखा प्रकाश गोल फिरतो तो त्यांच्यामुळेच. यालाच लस्टर म्हणतात. ब्रश मारला की त्या रेषा तुटतात आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे येतात. दागिन्याला काही फरक पडत नाही, नाण्याला पडतो, आणि हे परत कधीच दुरुस्त होत नाही. ग्रेडिंगवाले दिव्याखाली नाणं तिरकं करून क्षणात ओळखतात. मग त्याला "डिटेल्स" म्हणतात, म्हणजे नाणं खरं आहे पण त्याला साधा ग्रेड देता येत नाही, आणि नेहमीच्या सालाचं असेल तर भाव जवळपास सोन्याच्या किमतीवर येऊन बसतो.

एकच अपवाद. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर कधीकधी हिरवट चिकट थर येतो, तो शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं थोडा वेळ ठेवून निघतो, घासायचं नाही, आपोआप सुकू द्यायचं, खिडकी उघडी ठेवायची आणि जवळपास गॅस चालू नको. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल नि सुगंध घातलेले असतात. तांबूस डाग असतील तर राहू द्या, तांब्यामुळे येतात ते, त्यांनी एवढं काही बिघडत नाही.

याच्याच जोडीला सराफाची गोष्ट. सुट्टीत नाणं पुण्याला नेलं, सहज दाखवलं, आणि त्यांनी सवयीने कसोटीवर घासून बघितलं. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही, त्यांना सोन्याचा कस बघायचा असतो. पण कडेला घासल्याची खूण राहते ती राहतेच. तसंच पुतळीसारखी कडी लावून गळ्यात घातलेली नाणी. कडी काढून टाकली की झालं असं वाटतं, पण भिंगातून कडेवर डाग दिल्याची खूण दिसते, आणि तेही डिटेल्समध्येच जातं. आणि अजून एक, भारतात १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरातन वस्तूत मोडतं आणि ते देशाबाहेर न्यायला बंधनं आहेत, त्यामुळे फक्त दाखवायला म्हणून १९०४चं नाणं बॅगेत टाकून नेण्याआधी जाता-येतानाचे दोन्हीकडचे कस्टमचे नियम नीट विचारून घ्या.

आता दुसरी मोठी चूक, जुनं म्हणजे महाग. नाही हो. १९०४ सालची २० डॉलरची नाणी एकट्या फिलाडेल्फियात ६२ लाखांच्या वर पाडली गेली, १९२४ची सेंट-गॉडन्स या शिल्पकाराच्या डिझाइनची ४३ लाखांच्या वर. त्यातली भरपूर युरोपातल्या बँकांच्या तिजोऱ्यांत गेली म्हणून, अमेरिकन सरकारने नंतर सोन्याची नाणी वितळवली त्यातून वाचली आणि नंतर अमेरिकेत परत आली. ही नाणी सुंदर आहेत, पण भाव मुख्यतः सोन्याचा. उलट १८७०चं कार्सन सिटीचं २० डॉलरचं नाणं फक्त ३,७८९ पाडलं गेलं, ते कितीही झिजलेलं असलं तरी लोक तुटून पडतात. फरक कुठे आहे, तर गरुडाच्या खाली असलेल्या दोन छोट्या अक्षरांत, सीसी. म्हणून साल बघायच्या आधी टांकसाळीचं अक्षर शोधा. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, सी म्हणजे शार्लट, डी म्हणजे १८६१पर्यंत डालोनेगा आणि १९०६पासून डेन्व्हर, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवीचं डोकं असलेल्या, सेंट-गॉडन्सच्या आधीच्या) २० डॉलरवर अक्षर मागच्या बाजूला असतं, सेंट-गॉडन्सवर पुढच्या बाजूला सालाच्या वर. अडीच डॉलरच्या इंडियन (मूळ अमेरिकन माणसाचं डोकं असलेल्या) नाण्यात १९११ डेन्व्हर हे सगळ्यात हवंहवंसं वाटणारं, ५५,६८० पाडली गेली, पण त्याचा डी बऱ्याचदा इतका पुसट असतो की दिसतच नाही, आणि हेच बघून लोक साध्या १९११वर डी चिकटवून विकतात. सर्टिफिकेटशिवाय ते घेऊ नका.

दुर्मिळता सुद्धा कायमची नसते, हे मला फार उशिरा कळलं. १८५७चं सॅन फ्रान्सिस्कोचं २० डॉलर न वापरलेल्या स्थितीत मिळणं पूर्वी फार कठीण होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात एसएस सेंट्रल अमेरिका हे जहाज कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन न्यूयॉर्ककडे येताना वादळात कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून दूर बुडालं होतं, आणि १९८८पासून त्यातलं सोनं वर काढायला लागले तेव्हा ह्याच नाण्याचे ५,०००हून जास्त नग निघाले, तेही झकास अवस्थेत. त्यामुळे जुन्या कॅटलॉगमध्ये "दुर्मिळ" लिहिलंय म्हणून आज पैसे मोजायचे नाहीत.

ग्रेड स्वतःच ठरवून बसणं ही चूक तर मी नवशिक्या काय, जुन्या लोकांकडूनही बघतो. १ ते ७० हा आकडा विल्यम शेल्डन या नाण्यांच्या अभ्यासकाने १९४९मध्ये जुन्या, आकाराने मोठ्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी काढला होता, सोन्याला तो नंतर लावला गेला. ६० आणि वरचे म्हणजे न वापरलेले (एमएस), ५० ते ५८ म्हणजे अगदी थोडं वापरलेले (एयू). पण इथेच गफलत होते. २० डॉलरची जड नाणी पोत्यांत भरून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जायची, एकमेकांवर आपटायची, म्हणून एमएस ६० किंवा ६१चं नाणं गालावर खड्डेच खड्डे असलेलं दिसतं, आणि एयू ५८चं त्याहून देखणं असू शकतं. माझ्या मते देखणं ५८ कधीही घ्यावं, भरपूर मार बसलेलं ६१ नाही. दुसरा गोंधळ म्हणजे झीज आणि कच्चा ठसा. डालोनेगा नि शार्लटच्या नाण्यांत ठसाच नीट बसलेला नसतो, केस सपाट दिसतात, लोकांना वाटतं झिजलंय. एक दिवा, बाकी अंधार, ५ ते १० पटीचं भिंग, आणि नाणं कडेने धरून हळूहळू तिरकं करा, लिबर्टीच्या डोळ्यावरचे केस आणि मुकुट बघा, सेंट-गॉडन्समध्ये बाईचा गुडघा आणि छाती. प्रकाश तिथून न तुटता गेला तर ठसा कच्चा, तिथेच रंग मळकट होऊन प्रकाश अडला तर झीज.

तरी शेवटचा शब्द बाहेरच्याचा असावा. पीसीजीएस १९८६पासून आणि एनजीसी १९८७पासून, या दोन ग्रेडिंग कंपन्या नाणी तपासून सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत देतात, तिला सगळे स्लॅब म्हणतात. २००७पासून सीएसी ही आणखी एक कंपनी त्यातल्या चांगल्या नाण्यांवर हिरवं स्टिकर लावते आणि तेवढ्यानेही भाव बदलतो. आता एवढं वाचून सगळं कपाट ग्रेडिंगला पाठवू नका. साध्या सालाचं, झिजलेलं पाच डॉलर असेल तर फी आणि विम्याचं पोस्टेजच अंगावर येतं. आणि स्लॅब पण नकली निघतात, म्हणून डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवून बघा, ओरखडा न ओरखडा.

नकलीबद्दल थोडं अजून, कारण फसलेला माणूस समोर बसलेला बघवत नाही. २० डॉलरचं वजन ३३.४३६ ग्रॅम, व्यास ३४ मिमी, शुद्ध सोनं ०.९६७५ ट्रॉय औंस. वजन कमी भरलं तर शंका घ्या, पण बरोबर भरलं म्हणून खरं समजू नका, लेबनॉनमध्ये वगैरे पूर्ण सोन्याची नकली नाणी बनली आहेत. १९०७च्या हाय रिलीफच्या (जास्त उठावदार ठशाच्या सेंट-गॉडन्सच्या) एका प्रसिद्ध नकलेत गरुडाच्या नखीत चक्क ओमेगा हे ग्रीक अक्षर कोरलेलं आहे. सेंट-गॉडन्सच्या कडेलगतचे तारे मोजा, १९११पर्यंत ४६ आणि १९१२पासून ४८ हवेत, कारण तेव्हा दोन नवी राज्यं आली. आणि कोणी १९३३चं २० डॉलर विकत असेल तर तिथून उठा. ४,४५,५०० पाडली होती, पण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने लोकांना सोनं बाळगायला बंदी घातली त्यामुळे चलनात आलीच नाहीत, खासगी हातात कायदेशीर असं एकच मानलं जातं, जे इजिप्तचा राजा फारूककडचं समजलं जातं, ते २०२१मध्ये १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. बाजारात विकायला दिसतात त्या बहुतेक आठवण म्हणून काढलेल्या नकला. तरी १९३३चं १० डॉलरचं नाणं कायदेशीर आहे आणि खूप मोलाचं आहे, दोघांत गल्लत नको.

ऑक्शनचं गणित लोक नेहमी उलटं करतात. जुन्या ऑक्शनच्या निकालांत दिसणारा भाव सहसा खरेदीदाराचं प्रीमियम (बोलीवर ऑक्शनवाल्यांना द्यायची जादा रक्कम) धरून असतो, ते २०%च्या आसपास. १२,००० दिसले तर शेवटची बोली १०,०००वर थांबली होती, आणि तुमच्या हातात त्यातूनही कमिशन जाऊन येणार. शिवाय तुलना करताना कंपनी तीच, ग्रेड तोच, स्टिकर तेच आणि विक्रीची तारीख अलीकडची हवी. २००१मध्ये सोनं औंसाला ३०० डॉलरच्या आत होतं, ऑगस्ट २०२०मध्ये २,०००च्या वर, म्हणजे त्याच नाण्यात नुसतं सोनंच सुमारे १,९३५ डॉलरचं. तेव्हाचा निकाल आज लावून काय उपयोग.

वारशाने आलं असेल तर वारल्याच्या तारखेची किंमत कुठेतरी लेखी करून ठेवा, अमेरिकेत नफा तिथून धरतात आणि अशा वस्तूंवर दीर्घकालीन नफ्याचा कर २८%पर्यंत जातो. ऑक्शनला द्यायच्या आधी कमिशन, फोटोचा खर्च, किमान भाव ठेवता येतो का आणि पैसे कधी मिळणार हे लेखी घ्या, विक्रीनंतर बऱ्याचदा दीड महिना लागतो. एवढं थांबता येत नसेल तर दोन-तीन डीलरकडे जा, त्या दिवसाचा सोन्याचा दर आणि नाण्याचं शुद्ध वजन कागदावर लिहून न्या, आणि पहिला आकडा त्यांना बोलू द्या.