वागेनिंगेनला एमएससीला येताय? आधी थीसिस ठरवा, मग बॅग भरा

ऑगस्ट उजाडला की इथं, नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठात, यायला निघालेल्या राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांतल्या पोरापोरींचे मेसेज यायला लागतात. "ताई, कुकर आणू का?" "ताई, थंडी किती असते?" कुकर आणा. जॅकेट इथंच घ्या, तिकडचं इथल्या वाऱ्यापुढे टिकत नाही. झालं, हे दोन प्रश्न संपले. कोणता विषय कधी घ्यायचा, हे मात्र कुणी विचारत नाही. ते तिकडे असतानाच ठरवायला लागतं, आणि हा सगळा खटाटोप मी मुख्यतः तेवढं सांगण्यासाठी करतेय.

मी राहुरीची बीएससी ॲग्री. नगर जिल्ह्यात घरचा कांदा, थोडा ऊस. तेरा वर्षांपूर्वी इथं प्लांट सायन्सेसच्या एमएससीला आले, आता एका बियाणे कंपनीत आहे. गावाचं नाव मराठीत आपण वागेनिंगेन लिहितो, पण डच माणूस त्यातला 'ग' घशातून खरवडून 'ख'च्या जवळ नेतो. बस ड्रायव्हरला ते कळेपर्यंत माझी दोनदा चुकामूक झाली. गावात रेल्वे स्टेशन नाही. एडे-वागेनिंगेनला उतरायचं आणि पुढे बस.

आता मुद्द्याचं. ही पदवी दोन वर्षांची, १२० क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे २८ तासांचं काम, वर्गातलं आणि खोलीतलं मिळून. वर्षाचे सहा तुकडे असतात, त्यांना पिरियड म्हणतात. पहिला, दुसरा, पाचवा, सहावा आठ आठ आठवड्यांचे आणि मधले दोन चार चार आठवड्यांचे. मोठ्या पिरियडमध्ये साधारण दोनच विषय, एक सकाळचा, एक दुपारचा. दुसऱ्या वर्षात ३६ क्रेडिटचा थीसिस आणि २४ क्रेडिटची इंटर्नशिप. म्हणजे वर्गात बसून शिकायला तुमच्या हातात जेमतेम एक वर्ष आहे, आणि त्यातही एका वेळी एकाच वर्गात बसता येतं.

आपल्याकडे सेमिस्टरचे विषय ठरलेले असतात. यादी लागते, आपण बसतो, जर्नल पूर्ण करतो, एक्स्टर्नलला तोंड देतो. इथं यादी तुम्ही करायची. आणि थीसिस ज्या चेअर ग्रुपकडे करायचा (प्राध्यापकाच्या हाताखालचा विभाग समजा) त्यांची अट असते की आमचे अमुक विषय पास झालेले हवेत. असा विषय बहुतेकदा वर्षातून एकदाच शिकवतात. चुकला की चुकला.

माझा चुकला. मला पीक-पैदास घेऊन कांद्यावर काम करायचं होतं, हे विमानात बसतानाच ठरलेलं. पण दुसऱ्या पिरियडला दुपारच्या वेळेत दोन विषय समोर आले. एक जड, आकडेमोडीचा. दुसरा सोपा, आणि माझ्यासोबतची अकोल्याची मैत्रीण तोच घेत होती. मी तिच्यामागे गेले. सोबत मिळाली, मार्कही चांगले पडले. पुढच्या सप्टेंबरात थीसिससाठी त्या ग्रुपच्या समन्वयक बाईंच्या दारात उभी राहिले. त्यांनी स्क्रीनवर माझं नाव काढलं, खाली-वर सरकवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हा एक विषय दिसत नाही." मी म्हटलं, सोबत सोबत करते. "नाही, आधी पास. तो नोव्हेंबरात आहे." इंटर्नशिप आधी उरकावी म्हटलं, तर माझ्या मनातल्या कंपनीला थीसिस झालेला विद्यार्थी हवा होता. थीसिस जानेवारीत सुरू झाला, पदवी अर्धं वर्ष लांबली. युरोपबाहेरच्यांची फी आज वर्षाला वीस हजार युरोच्या पुढे आहे. तेव्हा कमी होती, तरी त्या अर्ध्या वर्षाच्या फीसाठी वडिलांनी चाळीत साठवलेला कांदा भाव नसताना विकायला काढला. भाव पुढे दीड महिन्याने वाढला. ते मला कधी बोलले नाहीत, आईने सांगितलं.

म्हणून सांगते, उलटीकडून या. आधी चेअर ग्रुप ठरवा: पैदास, पीकशास्त्र, हरितगृह, रोगशास्त्र की कीटकशास्त्र. मग स्टडी हँडबुकमध्ये (विद्यापीठाची विषयांची यादी) त्यांच्या थीसिसला कोणते विषय आधी लागतात ते शोधा. ते कोणत्या पिरियडला, सकाळी की दुपारी, ते कागदावर मांडा. मग राहिलेल्या जागेत आवडीचे विषय भरा. दोन ग्रुपमध्ये मन अडकलं असेल तर दोन्हींच्या अटी भागतील अशी मांडणी करा, बहुतेक वेळा जमते. तो कागद पहिल्या दोन आठवड्यांत स्टडी ॲडव्हायझरपुढे ठेवा. ॲडव्हायझर तुमच्याकडे येणार नाही, तुम्हीच जायचं. आणि विषयाची नोंदणी पिरियड सुरू व्हायच्या बरीच आधी बंद होते, तारीख फोनमध्ये टाका. मैत्रीण काय घेतेय ते विचारू नका. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी एक तरी पोरगं दुसऱ्याच्या मागे जातंच.

आणखी एक. रेसिडन्स परमिटवर असणाऱ्यांनी वर्षाला निम्मे क्रेडिट मिळवावेच लागतात, नाहीतर विद्यापीठाला इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं. आजारपण, घरचं काही संकट असेल तर तेव्हाच सांगा, वर्ष संपल्यावर नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर आपण पाठांतरात कच्चे नसतो, 'का' मध्ये कच्चे असतो. पहिल्याच महिन्यात गटचर्चेत कांद्याच्या खताचा विषय निघाला. मी छाती काढून सांगितलं, हेक्टरी १००:५०:५० नत्र, स्फुरद, पालाश. शिकवणाऱ्याने विचारलं, "शंभरच का?" मी म्हटलं, शिफारस आहे. "कोणत्या जमिनीला? किती उत्पादन धरून? जमिनीतून आधीच किती मिळतंय?" चार डच, एक चिनी, एक इथिओपियन माझ्याकडे बघतायत, आणि मी चार वर्षं 'शिफारशीत मात्रा' हा शब्द लिहून मार्क मिळवलेली. त्या दिवशी खोलीवर येऊन पहिल्यांदा वाटलं की आपल्याला शेती येते, पण शेतीचं शास्त्र अजून यायचंय.

इथली सगळी पीकशास्त्राची विचारपद्धत एका प्रश्नावर उभी आहे. पाणी, अन्नद्रव्यं, कीड-रोग, तण यांची काहीच अडचण नसेल तर या उन्हात, या तापमानात हे पीक जास्तीत जास्त किती येईल? तो झाला वरचा पल्ला. मग पाणी आणि अन्नद्रव्यं तो किती खाली आणतात, आणि त्याखाली तण, कीड, रोग किती खातात. सी. टी. डी विट नावाच्या वागेनिंगेनच्या शास्त्रज्ञाने १९६५ च्या सुमाराला पानांच्या छत्रात ऊन किती शिरतं आणि त्याचं प्रकाशसंश्लेषण किती होतं याचं गणित मांडलं, आणि पुढे त्यातूनच इथली पीक-मॉडेलं वाढली. हे डोक्यात बसलं की निम्मे विषय सोपे होतात. येण्याआधी एवढं करा: आपल्या घरच्या एका पिकाचं, एका हंगामाचं, असं तीन मजली गणित कागदावर मांडून बघा. आकडे चुकू देत.

सांख्यिकीचंही तेच. आपण आरबीडी, स्प्लिट प्लॉट (शेतातले प्रयोग आखायच्या पद्धती) तोंडपाठ म्हणतो, आणि डेटा हिसारच्या कृषी विद्यापीठाच्या ओपीस्टॅटमध्ये नाहीतर गोव्याच्या आयसीएआर संस्थेच्या वास्पमध्ये, म्हणजे तयार ऑनलाइन गणकात, टाकून सीडीची (दोन सरासरींतला फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर) किंमत उचलतो. इथं 'आर' नावाचं सॉफ्टवेअर चालतं. आर फुकट आहे, आजच लॅपटॉपवर घ्या आणि बीएससीच्या प्रोजेक्टचा जुना डेटा त्यात परत चालवा. हे केलेला मुलगा इथं आल्यावर दोन महिने पुढे असतो.

'रावे'ला, म्हणजे बीएससीतल्या गावात राहून करायच्या कामाच्या अनुभवाला, कमी लेखू नका. गावात राहून शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून माती परीक्षणाचा कागद समजावून सांगितलेला विद्यार्थी इथल्या वर्गात फारसा नसतो. त्या अनुभवातलं बोललात की लोक ऐकतात. फक्त 'आमच्याकडे असं करतात' एवढ्यावर थांबू नका.

मार्क दहापैकी, पास व्हायला सहा. सात चांगले, आठ फार चांगले, नऊ क्वचित. ८.९ सीजीपीए घेऊन आलेली पोरं साडेसहा बघून बाथरूममध्ये रडतात. रडू नका, तुमच्या शेजारच्या डच पोराला पण साडेसहाच आहेत आणि तो संध्याकाळी बिअर प्यायला निघालाय.

डच माणूस तोंडावर बोलतो. "तुझा हा परिच्छेद वाईट आहे" म्हणतो आणि दहा मिनिटांनी कॉफी विचारतो. त्यात राग नसतो. आपण मात्र 'हो हो' म्हणतो आणि काम होत नाही, त्याचा त्यांना खरोखर राग येतो. जमणार नसेल तर सोमवारीच सांगा. शुक्रवारी रात्री सांगितलेलं इथं कुणी विसरत नाही.

आपल्या लोकांबद्दलही बोलते, कुणाला लागलं तर लागू दे. पहिला आठवडा आपल्या माणसांनीच सावरतो, मलाही एका परभणीच्या दादाने स्टेशनवरून घेतलं, पिठलं-भात खाऊ घातला. पण काहीजण दोन वर्षं त्याच स्वयंपाकघरात काढतात. मोबाईलच्या ग्रुपवर दिवसभर भाव, व्हिसा आणि 'कॅनडा बरं होतं' एवढंच. पार्टटाइम काम, इंटर्नशिप, नोकरी, सगळं गटातल्या डच, केनियन, इंडोनेशियन ओळखीतून येतं. आणि पुण्यातले काही एजंट सांगतात की अर्ज आमच्यातर्फेच करावा लागतो. खोटं आहे. अर्ज तुम्ही स्वतः करता, व्हिसाचा अर्ज विद्यापीठ तुमच्या वतीने करतं. पैसे बापाचे आहेत, जपून.

शिष्यवृत्तीचं: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्याच्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आधी बघावी, तिच्यात फीपासून निर्वाहापर्यंत धरलेलं असतं. बाकी लहानसहान मिळतं, त्यावर बजेट उभं करू नका.

विम्याचं नीट वाचा. फक्त शिकत असाल तर विद्यार्थी-विमा चालतो. पण पगाराचं काम सुरू केलं, आठवड्याला चार तासांचं का असेना, की डच मूळ आरोग्यविमा सक्तीचा होतो. माझ्या ओळखीच्या दोघांना हे वर्षाने पत्र आल्यावर कळलं, मागचे हप्ते आणि वर दंड. उलट हा विमा घेतला आणि कमाई कमी असेल तर सरकार हप्त्यासाठी भत्ता देतं, तो अर्ज करून मागावा लागतो. युरोपबाहेरच्यांना आठवड्याला १६ तास, किंवा जून-जुलै-ऑगस्टमध्ये पूर्णवेळ काम करता येतं, आणि त्याचं परमिट मालकाने काढायचं असतं. निळं पाकीट आलं तर ते टॅक्सखात्याचं, ते न फोडता ड्रॉवरमध्ये टाकू नका.

खोलीसाठी प्रवेशाचं पत्र हातात पडताच नोंदणी करा. फ्लॅटमध्ये एका कॉरिडॉरला एक स्वयंपाकघर असतं. मोहरीची फोडणी देताना दार बंद, खिडकी उघडी, पंखा पूर्ण. माझ्या फोडणीने एकदा धुराचा अलार्म वाजला आणि रात्री दहाला आख्खी इमारत खाली रस्त्यावर उभी होती. जुनी सायकल घ्या, कुलूप सायकलपेक्षा भारी घ्या, दिवे लावा. दिव्याविना पोलीस थांबवतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, म्हणून हे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या दुकानात द्राक्षाच्या डब्यावर बारीक अक्षरात 'भारत' लिहिलेलं दिसतं. बहुतेक आपल्या नाशिककडचीच. २०१० साली याच द्राक्षांत सीसीसी या वाढरोधकाचा अंश सापडला आणि युरोपची दारं लागली होती. छाटणीनंतर वेलाची वाढ रोखायला फवारलेलं औषध, इथल्या प्रयोगशाळेत सापडलं, आणि तिकडे बागायतदारांचं वर्ष गेलं. थीसिसचा विषय सुचत नाही म्हणणाऱ्यांना मी त्या डब्यापुढे नेऊन उभं करते.

आणि हो, बॅगेत बियाणं, रोपं, ताजी पानं आणू नका. डिसेंबर २०१९ पासून युरोपात असलं काहीही आणायला फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. मागच्या वर्षी एका पोराच्या आईने कढीपत्त्याची आख्खी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. शिपोल विमानतळावर अधिकाऱ्याने ती काढून घेतली आणि विचारलं, काय शिकायला आलास? म्हणे, प्लांट सायन्सेस. पुढे कीटकशास्त्राच्या वर्गात लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा सिल्ला हा बारीक किडा आला, आणि तो कढीपत्त्यावरही पोसतो हे कळलं, तेव्हा त्याने मला फोन केला. वाळवलेला कढीपत्ता आणा, भरपूर आणा, मलाही द्या.