घरची मिसळ बिघडते ती कांद्यापाशी: या चुका टाळा

"काकू, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं, पण रश्श्यावर लाल तेलाची तर्री आलीच नाही." असा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो, बहुतेक रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला. मी एकच विचारते, कांदा किती वेळ परतला? उत्तर ठरलेलं असतं: "झाली असतील सात-आठ मिनिटं." मग पुढचं काही विचारायची गरज उरत नाही.

नाशिकच्या गंगापूर रोडला नाहीतर मखमलाबादला जाऊन चुलीवरची मिसळ खायची आणि पुढच्या रविवारी तीच चव घरी अर्ध्या तासात मागायची, हे मला पटत नाही. काळ्या रश्श्याला वेळ लागतो आणि त्यातला निम्मा वेळ एकट्या कांद्याचा असतो. रेसिपीत "कांदा पाच मिनिटं परतून घ्या" असं लिहिणाऱ्याने तो कांदा स्वतः परतलेला नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धा किलो उभा चिरलेला कांदा मध्यम आचेवर नीट व्हायला वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. आधी तो पाणी सोडतो आणि कढईत नुसती वाफ होते. मग मऊ, पारदर्शक होतो. नवशिके इथेच थांबतात. त्यानंतर कडा तांबूस होतात, उग्र वास जाऊन गोडसर वास सुटतो, आणि कढईभर असलेला कांदा तळाशी मूठभर होऊन बसतो. रंग चिक्कीच्या गुळासारखा आला की झाला.

कांदा कोणता आहे, तेही बघा. मार्च-एप्रिलमध्ये निघालेला आणि कांदाचाळीत साठवून राहिलेला उन्हाळ कांदा घट्ट असतो, लवकर परतला जातो. दिवाळीच्या आगेमागे लासलगाव-पिंपळगावकडून येणारा लाल कांदा पाणीदार. त्याला आणखी सात-आठ मिनिटं द्यावीच लागतात.

तीन वर्षांपूर्वीच्या कांदेनवमीची गोष्ट सांगते. चातुर्मास लागला की आमच्या घरात कांदा-लसूण बंद, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांद्याचं जे काही आवडतं ते सगळं करायचं. त्या वर्षी तीस माणसांची मिसळ ठरली होती. मी पाव आणायला बाहेर पडले आणि कांदा परतायचं काम पुतणीकडे दिलं. ती कामसू आहे, पण घाई फार. लवकर लाल व्हावा म्हणून तिने आच मोठी केली आणि चमचाभर साखर टाकली. मी परत आले तर वाटण वाटून झालेलं, फोडणीत पडलेलं आणि वर आठ लिटर पाणीही ओतलेलं. "काकू, कांदा मस्त लाल झाला होता," ती म्हणाली. लाल झाला होता तो साखरेमुळे आणि कडा जळल्यामुळे. आतून कच्चाच होता. पातेल्यावर करडा फेस, रश्श्याला कच्च्या कांद्याचा वास आणि तेलाचा एक थेंब वर नाही.

तिचं म्हणणं, अजून तासभर उकळू, होईल. होत नाही. पाण्यात पडलेला कांदा कितीही उकळला तरी शंभर अंशांच्या वर तापत नाही, आणि लाल व्हायला त्याहून बरीच जास्त आच लागते. तेलात जे व्हायचं राहिलं, ते पाण्यात भरून निघत नाही. शेवटी दोन किलो कांदे सालासकट शेगडीवर भाजायला घेतले, एका वेळी चार. माणसं भजी खात बसली आणि पहिली मिसळ वाढायला दुपारचे अडीच वाजले. तो पहिला रस्सा टाकून द्यावा लागला. आठ लिटर. अन्न टाकल्याचं मला अजून वाईट वाटतं. पुतणी मात्र तेव्हापासून कांदा उत्तम परतते.

वाटणाचीही एक खूण आहे. कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण आणि आलं गार झाल्यावर वाटायचं. गरम कांदा मिक्सरच्या बंद भांड्यात घातला तर वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. वाटताना पाणी जेवढ्यास तेवढंच. मग ते वाटण तेलात पुन्हा परतायचं. आधी ते कढईला चिकटतं, चुरचुरतं. हळूहळू तो आवाज बसतो, गोळा एकत्र होतो आणि कडेने तेल दिसायला लागतं. ते तेल दिसेपर्यंत मी पाण्याच्या भांड्याला हात लावत नाही. फोन वाजला तरी वाजू दे.

दुसरी माझ्या जिव्हारी लागणारी चूक तिखटाची. कडकडीत तेलात तिखट टाकलं की क्षणात काळं पडतं, घरभर ठसका लागतो आणि रश्श्याला कडवट चव येते. तिखटाचा रंग तेलातच उतरतो, म्हणून ते तेलात घालायचं हे खरं, पण आच कमी करून, तेल जरा निवल्यावर. मी वाटण परतून झालं की आच अगदी बारीक करते, तिखटात दोन चमचे पाणी कालवते आणि मग ते घालते. रंगासाठी ब्याडगी, जोरासाठी थोडी लवंगी. काळा मसाला त्याच्याही नंतर. तो आधीच भाजून कुटलेला असतो, मिनिटभर पुरे. तयार पाकिटाचा मसाला वापरत असाल तर आधी चव घ्या, बऱ्याच पाकिटांत मीठ असतं.

आणि पाणी गरमच. शेजारच्या शेगडीवर उकळत ठेवलेलं. गार पाणी ओतलं की सगळी आच मोडते आणि वर आलेलं तेल दिसेनासं होतं. पाणी घातल्यावर बारीक आचेवर वीस मिनिटं उकळू द्या, झाकण अर्धवट ठेवून. डावाने सारखं ढवळू नका, तर्री पुन्हा आत जाते. तेल कमी घालून तर्री मागू नका. दहा माणसांना मोठी वाटीभर तेल लागतं. ते पटत नसेल तर उसळ करा, तीही छान लागते.

मटकी कुकरमध्ये लावू नका. शिट्टी झाली की लगदा. मोड आलेली मटकी उघड्या भांड्यात हळद-मीठ घालून दहा-बारा मिनिटांत शिजते, आणि तिचं पाणी रश्श्यात घालायचं. अर्धा किलो कोरडी मटकी दहा जणांना पुरते. आठ तास भिजवून, निथळून, सुती फडक्यात बांधायची. पावसाळ्यात फडकं घट्ट पिळलेलं हवं, नाहीतर मटकी चिकट होऊन वास मारते. थंडीत, निफाडकडून गार वारं सुटलं की मोडाला दीड दिवसही लागतो. मी तेव्हा गाठोडं डब्यात ठेवून डबा गोधडीत गुंडाळते. मोड पाव इंचाचा झाला की पुरे.

रस्सा दाट व्हावा म्हणून कॉर्नफ्लॉवर, बेसन, पावाचा चुरा यातलं काहीही नको. दाटपणा खोबऱ्या-कांद्याचाच. खोबरं वेगळं भाजा, कांद्याबरोबर टाकलं तर ते जळतं आणि कांदा कच्चा राहतो.

मीठ बेताचं. फरसाण आणि पापड दोन्ही खारट.

वरचा कांदा वाढायच्या आधी चिरा. तासभर आधी चिरलेल्या कांद्याला वास येतो.

फरसाण वाटीत आधीच भरून ठेवू नका. खाली मटकी, त्यावर फरसाण, मग गरम रस्सा कडेने, वर कांदा-कोथिंबीर, आणि लिंबू ज्याचं त्याने पिळायचं. दही आणि भाजलेला पापड बाजूला. रस्सा उरला तर दुसऱ्या दिवशी बारीक आचेवर गरम करा आणि पाव संपले असतील तर बाजरीची भाकरी कुस्करून खा. आमच्याकडे कांदेनवमीच्या रात्री म्हणूनच चार भाकऱ्या जास्त थापतात.