नळाच्या पाण्यात शिसं आहे का? नमुना घ्यायची रीत

जळगावला पाणी वाघूर धरणाचं, धुळ्याला तापीचं आणि नकाणे तलावाचं. पण शिसं, जस्त, निकेल बहुतेकदा मिसळतं ते घराजवळच्या जुन्या पाइपातून आणि पितळी तोटीतून. रोज पाणी सुटत नसेल तर ते पाइपात पडून राहतं आणि धातू ओढून घेतं. म्हणून नमुना कधी भरला, यावर निकाल फिरतो.

पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं टीडीएस मीटर इथे कामाचं नाही. शिशाची मर्यादा पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500:2012) लिटरला 0.01 मिलिग्रॅम, तर मीटरचा शेवटचा आकडाच 1 मिलिग्रॅमचा. दहापट शिसं असलं तरी काटा हलणार नाही!

लॅबकडूनच आम्लाने धुतलेल्या 1 लिटरच्या तीन एचडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) बाटल्या मागा. मिनरल वॉटरची रिकामी बाटली नको. पहिली भरा सकाळी, स्वयंपाकघरातल्या तोटीची. आधी किमान 6 तास घरात कुठलाच नळ उघडलेला नसावा, आणि धार सुटताच बाटली खाली हवी. थोडं पाणी सोडून मग भरली तर नमुना वाया. दुसरी त्याच तोटीची, 5 मिनिटं पाणी वाहू दिल्यावर. तिसरी पालिकेच्या थेट नळाची, पाणी सुटल्यावर 10 मिनिटांनी, मोटर न लावता. तोटीची जाळी काढू नका, पाणी फडक्याने गाळू नका; शिसं पुष्कळदा बारीक कणांतच असतं.

नायट्रिक आम्ल लॅबलाच घालू द्या, पण त्याच बाटलीत: लिटरला साधारण 1.5 मिलिलिटर, पीएच 2 च्या खाली. आम्लाविना धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. पाणी आधी दुसऱ्या भांड्यात ओतलं, तर आकडा खोटाच कमी येतो.

लॅबची एनएबीएल मान्यता (प्रयोगशाळांना मिळणारी राष्ट्रीय मान्यता) शिशासाठी आहे का, ते विचारा. चाचणी आयसीपी-एमएस किंवा ग्रॅफाइट फर्नेस या अगदी कमी धातूही मोजणाऱ्या यंत्रावर व्हावी. साध्या ज्योतीच्या एएएस यंत्राला इतकं कमी शिसं नीट दिसत नाही. अहवालात नुसतं ‘बीडीएल’ (शोधमर्यादेच्या खाली) असेल तर शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला दिसणारं किमान प्रमाण, लिहून घ्या. ती लिटरला 0.05 मिलिग्रॅम असेल तर पैसे पाण्यात.

पहिली बाटली जास्त, दुसरी साफ: दोष तोटीत किंवा तिच्यालगतच्या जोडात. दुसरीही जास्त, तिसरी साफ: घरातला पाइप किंवा वरची टाकी. तिसरीच जास्त असेल तर अहवाल जोडून पालिकेकडे लेखी तक्रार करा. तोवर ते पाणी उकळून पिऊ नका. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं.