ट्रॅकच्या गाडीत रोल केज बसवताना

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत उभारलेला पोलादी पाइपांचा सांगाडा, म्हटला की सगळ्यांचे लक्ष पाइपांकडे जाते आणि वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न विचारला जातो तो पाइप किती जाड घ्यायचा हाच. पाइपाची निवड महत्त्वाची आहेच, परंतु हलगर्जीने बसवलेला केज दगा देतो तो बहुधा पायाशी. रस्त्यावरच्या गाडीच्या तळाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. गाडी उलटली आणि तिचे सगळे वजन एका पाइपावर आले, तर ओल्या जमिनीत काठी रुतावी तसा तो पाइप पत्र्यातून खाली जातो आणि जितका तो खाली गेला तितके छत चालकाच्या डोक्याकडे येते. म्हणून या कामातला निम्मा वेळ तळ आणि पाय यांवर खर्च होणार, हे धरूनच कामाला हात घालावा. पुढील वर्णन मारुती एस्टीमसारखी, सर्किटवर वर्षानुवर्षे धावलेली साधी सेडान डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. इतर लहान गाड्यांनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडते.

सर्वांत आधी ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची नाही, हे ठरवावे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो मुद्दा आणखी स्पष्ट केला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शारीरिक कारण उरतेच. चालकाच्या कानापासून वीतभर अंतरावर पोलादी पाइप असताना हेल्मेटशिवाय गाडी चालवणे, हे केज नसलेल्या गाडीपेक्षा अधिक धोक्याचे आहे. चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर जायचे असेल, तर गाडी ट्रेलरवरून न्यावी आणि तो खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा.

पाइप विकत घेण्यापूर्वी एफएमएससीआयची, म्हणजे भारतातील मोटारस्पोर्टच्या नियामक संघटनेची, चालू वर्षाची नियमावली मिळवून वाचावी, कारण ज्या स्पर्धेत उतरायचे तिच्या तपासनिसाचा शब्द अखेरचा असतो. जगभर आधार मानले जाणारे आकडे एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संघटनेच्या ‘अपेंडिक्स जे’मधील कलम २५३ मध्ये आहेत. पाइप थंड ओढीचा, सीमलेस, कार्बन स्टीलचा हवा. त्यात कार्बनचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून अधिक नसावे. मुख्य कमानीसाठी (चालकाच्या मागे उभी राहणारी, उलट्या ‘यू’ आकाराची चौकट) किमान ४५ मिमी व्यासाचा व २.५ मिमी जाडीचा किंवा ५० मिमी व्यासाचा व २ मिमी जाडीचा पाइप घ्यावा, तर उरलेल्या भागांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ चालतो. दुकानदार ‘तसाच असतो’ म्हणून शिवण असलेला ईआरडब्ल्यू पाइप पुढे करतो. तो तसाच नसतो, तेव्हा मिलचे प्रमाणपत्र मागावे. नळकामाचा जस्त चढवलेला पाइप तर वर्कशॉपच्या दारातूनही आत येऊ देऊ नये. त्याच्या ताकदीचा भरवसा नाही आणि वेल्डिंग करताना निघणारा जस्ताचा धूर विषारी असतो. क्रोमोलीचा (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा) मोह अनेकांना होतो, पण त्याचे वेल्डिंग चुकले तर सांध्याशेजारचा भाग ठिसूळ होतो. पहिल्या केजसाठी साधे कार्बन स्टीलच उत्तम.

वजनाचा अंदाज कागदावरच करता येतो. ४५ बाय २.५ चा पाइप मीटरला सुमारे २.६ किलो भरतो आणि ४० बाय २ चा सुमारे १.९ किलो. मुख्य कमानीला साडेचार मीटर आणि उरलेल्या कामाला वीस मीटर पाइप लागला, तर प्लेटा सोडून पन्नास किलोंच्या आसपास भर पडते.

आता गाडी रिकामी करावी. सीट, गालिचा, छताचे अस्तर आणि दारांचे पॅनेल काढावे. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतील तर बॅटरी सोडून, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने त्या उतरवाव्यात. काचा काढून ठेवाव्यात, कारण वेल्डिंगची ठिणगी काचेवर पडली की तिथे कायमचा खड्डा पडतो. पेट्रोलची टाकी आणि तळाखालून जाणाऱ्या इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या दूर कराव्यात आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) व अल्टरनेटरच्या जोडण्या सोडवाव्यात. तळाला चिकटवलेली डांबरी शीट खरवडून काढणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळू नये, कारण गंज नेमका तिच्याखाली लपलेला असतो. जिथे पाय उभे राहणार तिथे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा जोर लावून टोचून पाहावा. टोक आत गेले तर आधी तो भाग कापून नवा पत्रा बसवावा लागेल.

यानंतर पाइपाला हात लावण्याआधी सीट बसवावी. ज्या सीटवर, ज्या उंचीवर आणि ज्या हेल्मेटसह शर्यत चालवायची, त्याच स्थितीत चालकाला बसवून हेल्मेटच्या चारही बाजूंना मोकळी जागा किती उरते ते मोजावे. केज आधी आणि सीट नंतर असा उलटा क्रम लावला, तर उंच चालकाचे हेल्मेट आडव्या पाइपाला टेकते आणि मग त्यावर उपाय नसतो.

पायांच्या जागा पुठ्ठ्यावर आखाव्यात. एफआयएनुसार मुख्य व पुढच्या पायांखालची मजबुतीची प्लेट किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंमी क्षेत्रफळाची, म्हणजे साधारण दहा बाय बारा सेंमीची हवी. मुख्य कमानीपासून मागे उतरणाऱ्या तिरप्या टेकूंना ६० चौरस सेंमी पुरते. हे आकडे किमान आहेत, हे विसरू नये. माझ्या मते प्लेट केवळ सपाट तळावर ठेवण्यापेक्षा काटकोनात वळवून सिलच्या (दाराखालच्या लांब पोकळ पेटीच्या) उभ्या भिंतीवरही चढवावी, म्हणजे भार पातळ तळाऐवजी गाडीच्या सर्वांत बळकट पेटीवर जातो. पुठ्ठा सिलच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून घडी घालावी, कात्रीने कापावा, पुन्हा बसवून पाहावा. कोपऱ्यात प्रकाशाची फट दिसेनाशी झाली की मगच तो आकार ३ मिमीच्या पत्र्यावर उतरवावा.

केज बोल्टने बसवायचा असेल, तर वेल्ड केलेल्या मजबुतीच्या प्लेटवर पायाची प्लेट बसते आणि प्रत्येक पायाला ८.८ दर्जाचे किमान तीन एम ८ बोल्ट लागतात. नट आपोआप घट्ट राहणारे असावेत किंवा त्यांना लॉक वॉशर हवेत. बोल्ट पोकळ पेटीतून जात असेल, तर आत नळीचा तुकडा वेल्ड करून घ्यावा, अन्यथा नट आवळताना पेटीच चेपते. गाडी कायमची ट्रॅकसाठीच असेल, तर मी वेल्ड केलेल्या केजची शिफारस करीन, कारण त्याने सबंध बॉडीही ताठ होते.

मुख्य कमान एकाच अखंड पाइपाची असावी. वाकवताना मध्यरेषेची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवावी लागते, म्हणजे ४५ मिमी पाइपाला १३५ मिमी. वाकवलेल्या जागी व्हर्नियरने दोन्ही व्यास मोजावेत. लहान व्यासाला मोठ्याने भागून उत्तर ०.९ हून कमी आले, तर तो पाइप बाद समजावा. ४८ आणि ४१.५ अशी मापे आली की समजावे, बेंडरचा (पाइप वाकवण्याच्या यंत्राचा) साचा चुकीचा आहे. वाळू भरून व तापवून वाकवण्याची जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही. कमान जवळजवळ उभी राहायला हवी. ओळंबा सोडून ती दोन्ही बाजूंनी तपासावी आणि बी-पिलरला (पुढच्या व मागच्या दारांमधल्या खांबाला) शक्य तितकी चिकटवून ठेवावी.

मागचे टेकू सरळ असावेत, ते छताजवळून निघावेत आणि उभ्या रेषेशी त्यांचा कोन किमान ३० अंशांचा असावा. पुढचे पाय विंडस्क्रीनच्या पिलरला लगटून खाली येतात. त्यासाठी डॅशबोर्डला खाच पाडावी लागते, त्याला इलाज नाही. कमानीत तिरपा पाइप हवाच, कारण नुसता चौकोन कोपऱ्यांत ढकलला की तिरका होतो. दारातील आडवे किंवा फुलीचे पाइप वर जोडताना दाराच्या उघडझापीच्या अर्ध्या उंचीच्या वर जाऊ देऊ नयेत, नाहीतर आग लागल्यावर चालकाला बाहेर पडता येणार नाही.

एक पाइप दुसऱ्याला जिथे भेटतो तिथे त्याच्या टोकाला माशाच्या उघड्या तोंडासारखी खाच करतात. होल-सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) ती कापून अर्धगोल कानशीने घासावी, आणि दोन पाइपांमध्ये पोस्टकार्ड सरकणार नाही इतकी ती बसली की थांबावे. मोठी फट वेल्डिंगने भरून काढली की सांधा दिसायला चांगला दिसतो, पण आत पोकळ राहतो.

सगळे पाइप आधी फक्त टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) मारून उभे करावेत. मी केलेल्या पहिल्या केजमध्ये घाईने एक बाजू पूर्ण वेल्ड करून टाकली होती. दुसऱ्या दिवशी चालकाच्या बाजूचे दार बिजागरीवर चढवले, तर लॅच चार-पाच मिलिमीटरने खाली लागत होता. उष्णतेने बॉडी ओढली गेली होती. तेव्हापासून दारे टॅकनंतरच चढवून पाहतो आणि वेल्डिंग डावीकडे थोडे, उजवीकडे थोडे, असे आलटून-पालटून करतो. वेल्डिंग सीओटू किंवा आर्गन वायूच्या आवरणाखालचे असावे, आणि ते पाइपाच्या संपूर्ण घेराभोवती, पूर्ण खोलीपर्यंत गेलेले असावे. छताला लागून असलेल्या सांध्याच्या वरच्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्च पोहोचत नाही. त्यासाठी तळाला प्रत्येक पायाखाली सिल न कापता भोक पाडून टॅक केलेला केज खाली उतरवतात, वरचे सांधे वेल्ड करतात, मग केज उचलून पायांखाली पेटीसारखे चौथरे बसवतात आणि भोके प्लेटांनी बंद करतात. ‘वरचे कुणाला दिसते’ म्हणून तो भाग सोडणारा कारागीर भेटला, तर दुसरा शोधावा.

खांद्याचे पट्टे ज्या आडव्या पाइपावर बांधायचे, त्याची उंची सीटवरून ठरते. पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे किंचित उतरते, शक्यतो १० अंशांच्या आसपास जावेत. ४५ अंशांहून अधिक उतार असेल, तर आघातात पट्टे मणक्यावर खाली दाब देतात.

रंग लावण्यापूर्वी तपासनिसाला किंवा निदान दुसऱ्या अनुभवी वेल्डरला सांधे उघडे दाखवावेत. मग फिकट रंगाचा एक पातळ हात द्यावा. हेल्मेट लागू शकेल तिथे एफआयए ८८५७-२००१ प्रकार ए मानकाचे पॅडिंग लावावे. एसीच्या पाइपावर चढवतात तो मऊ फोम बोटाने दाबला की चपटा होतो, डोके त्याहून जड असते. पाइपाला वायर किंवा अग्निशामक बसवण्यासाठी भोके पाडू नयेत, पट्ट्यांचे क्लॅम्प वापरावेत.

पहिल्या ट्रॅक दिवसानंतर सर्व बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत आणि पायांच्या प्लेटांच्या कडेने टॉर्चच्या उजेडात पाहावे. फिकट रंगावर केसासारखी बारीक तडा गेलेली रेघ दिसली, तर तिच्याखाली पत्रा हलतो आहे. ती जागा खरवडून उघडी करावी आणि मगच गाडी पुन्हा ट्रेलरवर चढवावी. गाडी एकदा उलटली असेल, तर वाकलेला पाइप सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. तो केज काढून नवा बसवावा.