जुनी कंपनी पीएफवर ‘एक्झिट डेट’ टाकत नसेल तर
छळवादी ऑफिसमधून सुटका झाली, तरी पुष्कळदा एचआर पीएफ खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख टाकतच नाही. मग पैसे काढणं, ट्रान्सफर करणं, सगळं अडतं. त्यांच्या विनवण्या करू नका. ही तारीख आपली आपल्यालाही टाकता येते.

१. नोकरी सोडल्यावर दोन महिने जाऊ द्या.

२. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेंबर पोर्टलवर यूएएनने, म्हणजे आपल्या कायमच्या पीएफ क्रमांकाने, लॉगिन करून ‘मॅनेज’मधलं ‘मार्क एक्झिट’ उघडा.

३. जुनी कंपनी निवडा, तारीख आणि कारण भरा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका.

तारीख मात्र कंपनीने भरलेला पीएफचा शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली हवी. त्यासाठी आधी पीएफचं पासबुक उघडून बघाच, कारण एकदा नोंदवलेली तारीख आपल्याला तिथे बदलता येत नाही.