कल्ट म्हणजे पंथ नव्हे: श्रद्धेवरचे इंग्लिश शब्द शिकताना

इंग्लिशच्या परीक्षेची तयारी करत होते तेव्हा धर्म, श्रद्धा असले उतारे आले की मी हमखास अडायचे. शब्द पाठ नव्हते असं नाही, दोन वह्या भरल्या होत्या, शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ. पण एका ग्रुप डिस्कशनमध्ये मी एका परंपरेबद्दल चांगलंच बोलत होते आणि तिला कल्ट म्हणून गेले, कारण वहीत कल्ट म्हणजे पंथ असं लिहिलेलं. समोरची मुलगी त्याच परंपरेतली, तिचा चेहराच उतरला. आजच्या इंग्लिशमध्ये कल्ट म्हटलं की एका माणसाच्या मुठीत असलेला, लोकांना घरच्यांपासून तोडणारा गट असंच ऐकणाऱ्याच्या मनात येतं. मला ट्रॅडिशन म्हणायचं होतं. माफी मागितली मी, पण ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून नवीन शिकणाऱ्यांना पहिलं हेच सांगेन, अर्थ लिहायच्या आधी हे लिहा की तो शब्द वापरणारा मान देतोय, नुसतं सांगतोय की नावं ठेवतोय. डिव्हाउट म्हणजे मनापासून भाविक, आदराने म्हटलेलं. पायस पण भाविकच, पण कधीकधी त्यात देखाव्याची शंका असते, आणि सँक्टिमोनियस म्हटलं की सरळ सोवळेपणा मिरवणारा. मराठीत तिन्हीपुढे 'धार्मिक' लिहून ठेवलं तर उताऱ्याचा सूर कळणारच नाही आणि प्रश्न नेमका सुरावरच येतो.

दुसरं म्हणजे मूळ धरा. लॅटिन क्रेडो म्हणजे 'मी विश्वास ठेवतो', त्याच घरातले क्रीड (श्रद्धेची मांडणी), क्रेडिबल (विश्वासार्ह), क्रेड्युलस (भोळा, पटकन विश्वास ठेवणारा), अगदी उधारीचं क्रेडिटसुद्धा. ग्रीक थिऑस म्हणजे देव, तो कळला की मोनोथिइझम (एकच देव मानणं), पॉलिथिइझम (अनेक देव मानणं), एथिइस्ट (देव न मानणारा) आपोआप सुटतात. ॲग्नॉस्टिक मात्र जुना शब्द नाही बरं का, तो इंग्लिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवला, देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणाऱ्यासाठी, त्यामुळे त्याला नास्तिक म्हणून मोकळं होऊ नका.

माझा सगळ्यात जास्त वेळ एका चौकडीने खाल्ला. ब्लास्फेमी म्हणजे देवाची निंदा, सॅक्रिलेज म्हणजे पवित्र वस्तूची किंवा जागेची विटंबना, अपॉस्टसी म्हणजे धर्मच सोडणं, आणि हेरसी म्हणजे धर्मात राहून मान्य मताच्या विरुद्ध मत धरणं. हेरसीच्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ 'निवड', आणि हे कळलं त्या दिवशी मला तो शब्द खरंच आवडायला लागला, स्वतः निवडलं म्हणून दोषी! सॅक्रिलिजसचं स्पेलिंगही बघून ठेवा, त्यात एलच्या आधी आय आणि नंतर ई येतो, रिलिजसच्या बरोबर उलट, कारण तो सॅक्रिलेजवरून आलाय, रिलिजसवरून नाही.

आपले शब्दही तिकडे जाऊन बदललेत. गुरू तिथे मार्केटिंगचाही असतो, मंत्र म्हणजे कुणीतरी सारखं घोकतो ते वाक्य. ओळखीचा शब्द दिसला की उलट जास्त सावकाश वाचा.

बोलताना छोटी अव्ययं जपा. आय बिलीव्ह यू म्हणजे तू खरं बोलतोयस, आय बिलीव्ह इन यू म्हणजे तुझ्यावर भरवसा आहे. आणि प्रॉफेसी, म्हणजे भविष्यवाणी, नाम असेल तर उच्चाराच्या शेवटी 'सी', क्रियापद असेल तर 'साय', आणि क्रियापद लिहिताना c या अक्षराच्या जागी s.